आरंभ कोठे मानावा? : इराणी आखातातील तेलवाहू जहाजांचे युद्ध आणि राजनयाचे अपयश (१९८४–१९८८)

युद्धाचा इतिहास लिहिताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो आरंभबिंदूचा. कथनमीमांसेच्या अभ्यासकांना ही गोष्ट परिचित आहे. कथन कोठून सुरू केले यावर त्यातील कोणती कृती मूळची आणि कोणती तिच्या उत्तरादाखल केलेली हे ठरते. आणि त्यावरूनच दोष कोणाचा व संयम कोणाचा, हेही ठरते. राजनयाच्या व्यवहारात हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. करार, ठराव, निवेदने, निषेधखलिते या साऱ्या लेखनप्रकारांना कोठून तरी सुरुवात करावी लागते. ती सुरुवात दोन्ही पक्षांना मान्य नसेल, तर पुढचे शब्द कितीही काळजीपूर्वक निवडलेले असोत, ते कागदावरच राहतात.

१९८४ ते १९८८ या काळात इराणी आखातात तेलवाहू जहाजांवर जे हल्ले झाले आणि १९८७पासून त्यातून अमेरिका व इराण यांच्यात जो थेट लष्करी संघर्ष उद्भवला, त्याकडे या दृष्टीने पाहता येते. या संघर्षात सुमारे ५४६ व्यापारी जहाजांचे नुकसान झाले आणि ४३०च्या आसपास खलाशी मृत्युमुखी पडले, असा लॉइड्सचा अंदाज आहे. या दोन राष्ट्रांमध्ये निरोपांची देवाणघेवाण नव्हती असे नाही. ७ एप्रिल १९८० रोजी राजनैतिक संबंध तुटल्यानंतरही स्वित्झर्लंड, अल्जीरिया आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यामार्फत संदेश जात-येत होते. अडचण होती ती त्या संदेशांच्या अर्थाची. प्रत्येक पक्षाला स्वतःची कृती ही उत्तर वाटत होती आणि दुसऱ्याची कृती हा आरंभ वाटत होता. या मतभेदाला तोंड देणारी भाषा राजनयाला वेळेवर सापडली नाही, आणि जी सापडली ती युद्ध संपल्यावर.

१. नावांमधील आरंभ

संघर्षाच्या नावांतच आरंभाविषयीचे दावे दडलेले असतात. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकने इराणवर आक्रमण केले. बगदादने या युद्धाला ‘सद्दामची कादिसिय्या’ असे नाव दिले. सातव्या शतकात कादिसिय्याच्या लढाईत अरबांनी सासानी साम्राज्याचा पराभव केला होता; त्या स्मृतीला आवाहन करून इराकने युद्धाचा आरंभ जवळजवळ साडेतेराशे वर्षे मागे नेला. तेहरानने त्याच युद्धाला ‘जंग-ए-तहमीली’, म्हणजे लादलेले युद्ध, आणि ‘दिफा-ए-मुकद्दस’, म्हणजे पवित्र संरक्षण, अशी दोन नावे दिली. ‘लादलेले’ या विशेषणात लादणारा कोणीतरी गृहीत आहे. त्याचे नाव न घेताही आरोप पूर्ण होतो. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी समुद्रावरील संघर्षाला ‘टँकर वॉर’ म्हटले. या नावात कर्ताच नाही. जहाजे आपापसात लढत असावीत असा आभास त्यातून निर्माण होतो, आणि कोणी आधी हल्ला केला हा प्रश्न नावाच्या बाहेरच राहतो.

ज्या पाण्यावर हे घडले त्याचे नावही वादग्रस्त आहे. इराणला ते ‘खलीज-ए-फार्स’ आहे, अरब राष्ट्रांना ‘अल्-खलीज अल्-अरबी’. मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘इराणचे आखात’ हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले, तर वृत्तपत्रांनी पुढे नुसते ‘आखात’ म्हणून या वादातून अंग काढून घेतले. ‘आखाती देश’, ‘आखाती युद्ध’ ही आजची मराठी रूपे त्या तटस्थतेतून आलेली आहेत. अमेरिकी नौदलाने आपल्या मोहिमांना दिलेली नावे निराळ्याच जातीची होती. संरक्षक ताफ्यांच्या मोहिमेचे नाव ‘अर्नेस्ट विल’ होते, म्हणजे मनापासूनचा निर्धार. इराणच्या मोहिमांची नावे करबलाच्या स्मृतीतून आणि कुराणातील शब्दांतून घेतलेली असत. एकाने संकल्पाची भाषा निवडली, दुसऱ्याने हौतात्म्याची. दोन्ही नावांमध्ये माघारीला जागा नव्हती.

२. युद्ध समुद्रावर कसे आले

जहाजांवरील हल्ल्यांचा उगम जमिनीवरील कोंडीत आहे. युद्धाच्या प्रारंभीच इराकचा आखातातून होणारा तेलव्यापार बंद पडला. एप्रिल १९८२मध्ये सीरियाने आपल्या भूमीवरून जाणारी इराकी तेलवाहिनी बंद केली, तेव्हा इराकपाशी मुख्यतः तुर्कस्तानातून जाणारी वाहिनी उरली. इराणची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्याच्या तेलाची बहुतांश निर्यात खार्ग बेटावरील धक्क्यावरून, म्हणजे समुद्रमार्गेच होत असे. २४ मे १९८२ रोजी इराणने खुर्रमशहर परत मिळवले आणि जुलैपासून इराणी फौजा इराकच्या हद्दीत शिरू लागल्या. जमिनीवर बचावात्मक पवित्र्यात गेलेल्या इराकला शत्रूचे तेल तोडणे हा एक मार्ग दिसला. १९८४च्या प्रारंभापासून त्याने खार्गकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर फ्रेंच बनावटीच्या विमानांतून आणि एक्झोसे क्षेपणास्त्रांनी नेटाने हल्ले सुरू केले.

इराणपुढील पेच असा की, उलट मारण्यासाठी समुद्रावर इराकचे जहाजच नव्हते. म्हणून मे १९८४पासून त्याने कुवेत व सौदी अरेबिया यांच्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवर हल्ले केले. हे दोन देश इराकला पैसा पुरवतात, आणि कुवेतच्या बंदरांतून इराकचा माल उतरतो, असा त्याचा युक्तिवाद होता. आखात एक तर सर्वांसाठी सुरक्षित राहील किंवा कोणासाठीच नाही, हे सूत्र इराणी नेत्यांनी पुनःपुन्हा मांडले. इराणच्या कथनात इराकी हल्ला हा आरंभ होता आणि स्वतःचे हल्ले हे त्याचे अपरिहार्य उत्तर. कुवेतच्या कथनात मात्र युद्धात नसलेल्या देशाच्या जहाजावर झालेला हल्ला हाच आरंभ होता.

सुरक्षा परिषदेने यांपैकी कोणते कथन स्वीकारले हे १ जून १९८४च्या ठराव ५५२मधून दिसते. त्यात कुवेत व सौदी बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा निषेध आहे. खार्गकडे जाणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा तसा निर्देश नाही. तेहरानने हा ठराव नाकारला. परिषदेविषयीचा त्याचा अविश्वास त्याहून जुना होता. २८ सप्टेंबर १९८० रोजी, आक्रमणानंतर आठवड्याच्या आत संमत झालेल्या ठराव ४७९मध्ये ‘आक्रमण’ हा शब्द नव्हता आणि फौजा मागे घेण्याची मागणीही नव्हती. आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत माघार घेण्याची मागणी प्रथम आली ती जुलै १९८२च्या ठराव ५१४मध्ये, इराणी फौजा इराकमध्ये शिरण्याच्या बेतात असताना. इराकी फौजा इराणच्या भूमीवर होत्या तोवर परिषदेला जो शब्द सुचला नाही, तो भूमी सुटल्यावर सुचला, असे तेहरानला वाटले. आणि दस्तऐवज वाचता ते अगदीच निराधार म्हणता येत नाही.

३. ध्वज हे चिन्ह

१९८६च्या अखेरीस कुवेतने आपल्या तेलवाहू जहाजांच्या संरक्षणासाठी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांकडेही विचारणा केली. मॉस्कोने तीन जहाजे भाड्याने देण्याची तयारी दाखवली. त्यानंतर मार्च १९८७मध्ये वॉशिंग्टनने अकरा कुवेती जहाजांची अमेरिकी नोंदणी करून त्यांना नौदलाचे संरक्षण देण्याचे मान्य केले. या निर्णयामागे आणखी एक लाज होती. मे १९८६मध्ये रॉबर्ट मॅकफार्लेन गुप्तपणे तेहरानला जाऊन आले होते आणि अमेरिकेने इराणला शस्त्रे पुरवल्याचे प्रकरण नोव्हेंबरमध्ये एका लेबनीज नियतकालिकाने उघडकीस आणले होते. अरब मित्रराष्ट्रांचा उडालेला विश्वास परत मिळवणे अमेरिकेला आवश्यक वाटत होते. इराणमध्येही त्या प्रकरणानंतर अमेरिकेशी बोलणे हेच संशयास्पद ठरले. दोन्ही देशांत संवादाचा प्रयत्न हाच पुढच्या संवादातील अडथळा बनला.

जहाजाचा ध्वज हे केवळ चिन्ह असते. पण त्या चिन्हावर जहाजाचे संरक्षण अवलंबून असते. ‘अल रेक्का’ या कुवेती जहाजाचे नाव ‘ब्रिजटन’ झाले, त्याच्या डोलकाठीवर अमेरिकी ध्वज चढला, आणि कायद्याच्या भाषेत ते अमेरिकेचे जहाज झाले. तेल कुवेतचेच राहिले. अमेरिकेच्या दृष्टीने ही तटस्थ व्यापाराच्या रक्षणाची कृती होती. इराणच्या दृष्टीने इराकच्या सावकाराला दिलेले हे कवच होते आणि म्हणून तटस्थतेचा भंग होता. ‘तटस्थ’ हा एकच शब्द दोन्ही बाजूंनी वापरला जात होता, परंतु एकाने तो जहाजाच्या नोंदणीवर बसवला होता आणि दुसऱ्याने मालाच्या लाभार्थ्यावर.

या पाण्याला असे चिन्हांचे राजकारण नवे नव्हते. १५१५पासून १६२२पर्यंत होर्मुझ पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या पूर्वेकडील सत्तेचे केंद्र गोव्यात होते. अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजांनी पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना बाळगावा, अन्यथा माल जप्त होईल, असा दंडक त्यांनी घातला होता. देणाऱ्याच्या लेखी ते संरक्षण होते, घेणाऱ्याच्या लेखी मांडलिकत्वाची खूण. मराठ्यांनी पुढे याच तंत्राचा स्वतःच्या पद्धतीने अवलंब केला. कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपले परवाने चालवले आणि पोर्तुगीज व इंग्रज यांचा त्यांच्याशी झगडा बव्हंशी या अधिकारावरून झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांची ये-जा निर्वेध ठेवण्यावर भर आहे. ‘कौल’ या शब्दात अभय आणि अधीनता हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. १९८७च्या आखातात हे दोन अर्थ दोन राष्ट्रांमध्ये वाटले गेले होते.

ध्वज चढण्यापूर्वीच एक विचित्र घटना घडली. १७ मे १९८७ रोजी इराकी विमानाने सोडलेली दोन क्षेपणास्त्रे ‘स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेवर आदळली आणि ३७ नौसैनिक ठार झाले. इराकने ही चूक असल्याचे सांगितले. अमेरिकेने ते स्वीकारले. अध्यक्ष रेगन यांनी या प्रकरणातील खरा खलनायक इराण आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. युद्ध लांबवणारा तो दोषी, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ‘खलनायक’ हा नाट्यव्यवहारातील शब्द येथे सूचक आहे: पात्रांची वाटणी आधीच झालेली असल्यामुळे प्रत्यक्ष प्रहार कोणी केला ही बाब गौण ठरली.

४. ठराव ५९८ : क्रमाचा प्रश्न

२० जुलै १९८७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ५९८ एकमताने संमत केला. राजनयाच्या या सर्व काळातील हा सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला मजकूर होय. त्याच्या प्रास्ताविकात संघर्षाचा आरंभ आणि संघर्ष चालू राहणे या दोन्हींबद्दल एकाच ओळीत खेद व्यक्त केला आहे. पहिला शब्द इराकसाठी, दुसरा इराणसाठी; परंतु नाव कोणाचेच नाही. यानंतर कलमांचा क्रम येतो. पहिल्या कलमात तात्काळ शस्त्रसंधी आणि सीमेपर्यंत माघार, तिसऱ्यात युद्धकैद्यांची सुटका, चौथ्यात मध्यस्थी. युद्धाची जबाबदारी ठरवण्यासाठी निःपक्ष मंडळ नेमण्याचा विचार सहाव्या कलमात आहे.

इराणने हा ठराव स्वीकारलाही नाही आणि नाकारलाही नाही. आक्रमक कोण हे आधी ठरवा, मग शस्त्रसंधी, अशी त्याची भूमिका राहिली. म्हणजे सहावे कलम पहिल्याच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर यावे. इराकने ठराव मान्य केला, पण कलमे ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने अमलात यावीत असा आग्रह धरला. सरचिटणीस पेरेझ द क्वेलार सप्टेंबर १९८७मध्ये तेहरान आणि बगदाद येथे जाऊन आले. क्रमाचा प्रश्न सुटला नाही. बाहेरून पाहता ही कार्यपद्धतीची क्षुल्लक तक्रार वाटते. वस्तुतः येथे कथनाच्या दोन रचनांचा विरोध होता. परिषदेला प्रथम शेवट हवा होता. आरंभाचा शोध नंतर सवडीने घेता येईल असे तिला वाटत होते. इराणला आरंभ निश्चित झाल्याशिवाय शेवटाला अर्थच नव्हता, कारण ज्यांचे मृत्यू ‘लादलेल्या’ युद्धात झाले असे सांगितले होते त्यांच्या मृत्यूंचा अर्थ त्या एका शब्दावर टिकून होता.

याचा अर्थ इराणची भूमिका निर्दोष होती असा नव्हे. १९८२नंतर युद्ध इराकच्या भूमीवर नेण्याचा निर्णय तेहरानचा होता, आणि आरंभाचा न्याय मागत असताना त्याने युद्ध चालू ठेवले ही गोष्ट ‘चालू राहणे’ या शब्दात परिषदेने नोंदवली होती. आरंभाचा आग्रह हा न्यायाचा आग्रह असू शकतो, तसाच युद्ध न थांबवण्याचे निमित्तही असू शकतो. १९८७मध्ये तो दोन्ही होता.

५. उत्तरांची साखळी

ठराव संमत झाला त्याच आठवड्यात पहिला संरक्षित ताफा निघाला. २४ जुलै रोजी फार्सी बेटाजवळ ‘ब्रिजटन’ सुरुंगावर आदळले. ते महाकाय असल्यामुळे तरले आणि पुढे चालत राहिले. आणि ज्यांनी त्याचे रक्षण करावयाचे त्या युद्धनौका सुरुंगांच्या भीतीने त्याच्यामागे रांगेत चालू लागल्या. इराणने उघडपणे जबाबदारी घेतली नाही. सुरुंग हे या संघर्षाचे प्रातिनिधिक हत्यार म्हणता येईल, कारण त्यावर कर्त्याचे नाव नसते आणि पेरण्याची वेळ व फुटण्याची वेळ यांत अंतर असते. कृतीचा आरंभ लपवण्याची सोय त्याच्या स्वरूपातच आहे.

२१ सप्टेंबरच्या रात्री अमेरिकी हेलिकॉप्टरांनी ‘इराण अज्र’ हे जहाज सुरुंग पेरताना पकडले. दुसऱ्याच दिवशी इराणचे तत्कालीन अध्यक्ष अली खामेनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे भाषण करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये उभे होते. त्यांनी अमेरिकेचा आरोप नाकारला. ज्या व्यासपीठावर संवाद होऊ शकला असता ते व्यासपीठ त्या दिवशी साक्षीपुराव्याचे ठिकाण बनले.

१६ ऑक्टोबरला अमेरिकी ध्वजाखालील ‘सी आइल सिटी’ या जहाजावर कुवेतच्या पाण्यात क्षेपणास्त्र आदळले. १९ ऑक्टोबरला अमेरिकी विनाशिकांनी इराणच्या रशादत क्षेत्रातील समुद्री तेलफलाटांवर, तेथील कामगारांना आधी सूचना देऊन, तोफा डागल्या. १४ एप्रिल १९८८ रोजी ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही युद्धनौका सुरुंगावर आदळली आणि दहा नौसैनिक जखमी झाले. १८ एप्रिलला अमेरिकेने आणखी दोन तेलफलाट उद्ध्वस्त केले आणि त्या दिवसाच्या लढाईत इराणची ‘सहंद’ ही फ्रिगेट व ‘जोशन’ ही गस्तीनौका बुडवली. दोन अमेरिकी सैनिक हेलिकॉप्टर कोसळून मरण पावले. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकी नौदलाची ही सर्वांत मोठी पृष्ठभागावरील लढाई मानली जाते. नेमक्या त्याच दोन दिवसांत इराकने फाव द्वीपकल्प परत जिंकले. वॉशिंग्टनच्या लेखी हा योगायोग होता, तेहरानच्या लेखी संगनमत.

या प्रत्येक कृतीनंतर अमेरिकेने सुरक्षा परिषदेला पत्र लिहून ती स्वसंरक्षणार्थ असल्याचे कळवले. देशांतर्गत भाषा मात्र निराळी होती. १९७३च्या युद्धाधिकार कायद्यानुसार ‘शत्रुत्वाची कारवाई’ सुरू झाली असे मान्य केले की साठ दिवसांची मुदत लागू होते. म्हणून प्रशासनाने काँग्रेसला अहवाल दिले, पण तो शब्दप्रयोग स्वीकारण्याचे टाळले. परिषदेपुढे सांगायचे की आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला, आणि काँग्रेसपुढे सांगायचे की युद्धाची स्थिती नाही. दोन श्रोत्यांसाठी दोन पाठ तयार झाले होते.

६. ३ जुलै १९८८ : पत्ता नसलेला इशारा

३ जुलै १९८८च्या सकाळी ‘व्हिन्सेनेस’ ही अमेरिकी युद्धनौका इराणच्या लहान सशस्त्र नौकांशी लढत इराणच्या प्रादेशिक समुद्रात शिरली होती. त्याच वेळी बंदर अब्बासहून दुबईकडे जाणारे इराण एअरचे एअरबस विमान, फेरी क्रमांक ६५५, आपल्या नियोजित हवाई मार्गावर चढत होते. नौकेने ते लढाऊ विमान समजून दोन क्षेपणास्त्रांनी पाडले. २९० माणसे मरण पावली. त्यांत ६६ मुले होती. मृतांमध्ये बहुसंख्य इराणी होते, आणि दहा भारतीय नागरिकही होते. आखातात पोटासाठी गेलेल्या वा जाणाऱ्या भारतीयांच्या इतिहासात या दहा जणांची नोंद क्वचितच घेतली जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या चौकशीतून जे तपशील बाहेर आले ते संवादाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारे आहेत. विमानाला इशारे दिले गेले होते. त्यांतील बहुतेक लष्करी आपत्कालीन ध्वनिलहरींवर होते, ज्या प्रवासी विमानाला ऐकूच येत नाहीत. थोडे नागरी आपत्कालीन लहरींवर होते; त्यांत संबोधन होते ‘अनोळखी इराणी विमान’ असे, आणि ओळखीसाठी जमिनीच्या सापेक्ष वेग सांगितला होता. वैमानिकासमोरच्या यंत्रावर हवेतील वेगाचा वेगळा आकडा दिसत होता. इशारा आपल्यालाच आहे हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. उलट बाजूने, विमानाची नागरी ओळख सांगणारा संकेत प्रसारित होत होता आणि हवाई वाहतूक नियंत्रकाशी वैमानिकाचे साध्या इंग्रजीत बोलणे चालू होते. ते ऐकण्याची सोय युद्धनौकेवर नव्हती.

इशारा, भाषा, माध्यम, सारे काही उपलब्ध होते. फक्त ज्याला उद्देशून बोलायचे तो कोण हे बोलणाऱ्याला माहीत नव्हते, आणि जो ऐकू शकत होता त्याला आपण संबोधित आहोत हे कळत नव्हते. आठ वर्षांच्या राजनयाचे स्वरूप याहून फारसे निराळे नव्हते. फरक एवढाच की ठरावांच्या बाबतीत गैरसमजाची किंमत चुकती व्हायला महिने लागत. येथे ती सात मिनिटांत चुकती झाली.

या घटनेचे दोन अर्थ लागले. अमेरिकेने तीव्र खेद व्यक्त केला, परंतु चकमकीच्या गोंधळात झालेली ही दुर्घटना असल्याचे सांगितले. त्या कथनाचा आरंभ त्या सकाळी इराणी नौकांनी केलेल्या गोळीबारात होता. इराणमध्ये ते हेतुपुरस्सर केलेले कृत्य मानले गेले. अमेरिका आता उघडपणे युद्धात उतरली आहे असा त्याचा अर्थ घेतला गेला. हा अर्थ चुकीचा असला तरी परिणामकारक ठरला.

७. विषाचा घोट

दीर्घकाळ सुरक्षा परिषदेच्या कामकाजापासून दूर राहिलेला इराण जुलै १९८८मध्ये विमानाच्या प्रश्नावर परिषदेपुढे आला. १४ जुलैला परराष्ट्रमंत्री वेलायती आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश हे दोघेही तेथे बोलले. तीन दिवसांनी इराणने ठराव ५९८ बिनशर्त स्वीकारत असल्याचे कळवले. २० जुलैच्या संदेशात अयातुल्ला खोमेनी यांनी या स्वीकाराची तुलना विषप्राशनाशी केली आणि ईश्वराच्या संतोषासाठी आपण तो घोट घेतला असे म्हटले.

या प्रतिमेचा प्रवास तौलनिक अभ्यासाला रोचक आहे. फारसी काव्यपरंपरेत ‘जाम’ हा मद्याचा, आणि सूफी अर्थाने ईश्वरी प्रेमाचा पेला. खोमेनी स्वतः गझला लिहीत. त्यांच्या गद्यात त्या पेल्यात जहर भरले गेले तेव्हा संपूर्ण परंपरा उलटी झाली. इंग्रजी वृत्तपत्रांत तो विषारी चषक झाला आणि त्याला पराभवाची व कटाची छटा आली. भारतीय वाचकाला मीरेचा विषाचा पेला किंवा हलाहल पचवणारा शंकर आठवतो, आणि अर्थ त्यागाकडे झुकतो. मूळ संदेशात पराभवाची कबुली आणि ईश्वरेच्छेपुढील समर्पण हे दोन्ही आहेत. एका भाषेत शरणागती ऐकू आली, दुसरीत सहनशीलता.

२० ऑगस्ट १९८८ रोजी शस्त्रसंधी लागू झाली. कलमांचा क्रम परिषदेने लिहिला तसाच राहिला.

८. उशिरा आलेली उत्तरे

सहाव्या कलमाचे उत्तर आले ते ९ डिसेंबर १९९१ रोजी. पेरेझ द क्वेलार यांनी सरचिटणीसपदाच्या शेवटच्या महिन्यात परिषदेला सादर केलेल्या अहवालात २२ सप्टेंबर १९८०चे इराकचे आक्रमण आंतरराष्ट्रीय कायद्याने समर्थनीय ठरत नाही, असे म्हटले. इराणने ज्या वाक्यासाठी युद्ध लांबवले ते वाक्य अखेर लिहिले गेले. पण ते लिहिले गेले तेव्हा इराकने कुवेत गिळंकृत करण्याचा प्रयत्न केलेला होता आणि तो जगाचा शत्रू ठरलेला होता. ते कोणाचेही प्राण वाचवू शकले नाही.

अमेरिका व इराण यांच्यातील वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो १९५५च्या मैत्री करारावर बोट ठेवून. दोन्ही देशांत दृढ शांतता आणि प्रामाणिक मैत्री नांदेल असे त्याच्या पहिल्या अनुच्छेदात म्हटले होते. राजनैतिक संबंध तुटले, जहाजे बुडाली, तरी हा करार कायद्याने जिवंत होता, आणि वैऱ्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी तोच एक दस्तऐवज उरला होता. विमानाच्या प्रकरणात १९९६मध्ये तडजोड होऊन मृतांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे ठरले. उत्तरदायित्व मान्य न करता. तेलफलाटांच्या खटल्यात ६ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. क्षेपणास्त्र व सुरुंग इराणचेच होते याचा पुरावा निर्णायक नाही, आणि अमेरिकेचे हल्ले स्वसंरक्षण म्हणून समर्थनीय ठरत नाहीत. मात्र त्या वेळी त्या फलाटांवरून दोन देशांत तेलाचा व्यापारच चालू नसल्यामुळे करारातील व्यापारस्वातंत्र्याचा भंगही झालेला नाही, असा तो निर्णय होता. दोन्ही पक्षांनी आपला विजय झाल्याचे म्हणावे इतकी जागा त्यात होती. ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेने तो मैत्री करारच रद्द करत असल्याचे जाहीर केले.

पुढच्याच वर्षी जुनी रचना पुन्हा दिसली. ४ जुलै २०१९ रोजी जिब्राल्टरजवळ इराणी तेल वाहणारे ‘ग्रेस १’ अडवले गेले. १९ जुलैला इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश ध्वजाचे ‘स्टेना इम्पेरो’ ताब्यात घेतले. लंडनने दुसऱ्या तारखेपासून कथन सुरू केले, तेहरानने पहिल्या. ‘स्टेना इम्पेरो’वरील २३ खलाशांपैकी १८ भारतीय होते. ज्यांचा आरंभाच्या वादाशी संबंध नसतो तेच बहुधा त्या वादाच्या जागी सापडतात.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. आरंभाचा प्रश्न पुढे ढकलून शांतता साधता येते, असे ठराव ५९८च्या रचनाकारांनी मानले. आरंभ ठरल्याशिवाय शांतता नाही, असे इराणने मानले. घटनांनी दोघांनाही खोटे ठरवले. पुढे ढकललेला प्रश्न प्रत्येक सुरुंगातून आणि प्रत्येक उत्तरातून परत येत राहिला. आणि आधी सोडवायचा ठरवलेला प्रश्न हजारो माणसे मेल्यावर एका अहवालात सुटला, ज्याची वाट पाहणारे फारसे उरले नव्हते. राजनयाच्या मजकुरांचा अभ्यास साहित्याच्या अभ्यासकांनी करावा याचे कारण हेच आहे. तेथेही वाक्यांचा क्रम, कर्त्याचा लोप आणि संबोधनाचा पत्ता यांवर अर्थ अवलंबून असतो. फक्त तेथे चुकीच्या वाचनाची शिक्षा वाचकाला होत नाही, तर ज्याच्यापर्यंत तो मजकूर कधी पोहोचलाच नाही त्याला होते.